नवी बॅटरी, तरी सकाळी सेल्फ घेत नाही: चार्जिंगचा दोष कुठे शोधायचा

सकाळी किल्ली फिरवली की आतून नुसता ‘टक्’ आवाज. शेजारचे दोघे धक्का देतात, नाहीतर कुणीतरी जंपर लावतो, गाडी सुरू होते आणि दिवसभर काही तक्रार नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा टक्. मग स्वारी बॅटरीच्या दुकानात. नवी बॅटरी बसते, महिना-दोन महिने बरे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा तेच रडगाणं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना ही तक्रार इतक्यांदा कानावर येते की मी आता एकच विचारतो, “इंजिन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट येतात ते कुणी बघितलंय काय?” बहुतेक वेळा कुणीच बघितलेलं नसतं. बॅटरी बदललेली असते, कधी कधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, तोही उतरवून खोललेला असतो. मीटर मात्र लावलेला नसतो.

म्हणून पहिला खर्च मीटरचा करा. साधा डिजिटल मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि बॅटरीचे काही हजार वाचवतो. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं काम घरच्या अंगणात, गाडीचा एकही नट न सैल करता होतं.

पहिली मापं

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं मायनसवर. टोक शिशाच्या खांबावरच टेकवा, त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर नको. कारण पुढे सांगतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त आलं तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर आकडा फुगून दिसतो; हेडलाइट मिनिटभर लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग वाचा.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर डोळा ठेवा. ९.६ च्या खाली जाता कामा नये. उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच सात-आठवर कोसळली तर तिचा एखादा सेल गेलाय, तिथे मात्र बॅटरीच बदला. उलट आकडा अकराच्या वर टिकूनही सेल्फ फिरत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडून देणारा स्विच), मोटर किंवा जाड केबल बघा.

तिसरं माप सगळ्यांत महत्त्वाचं. इंजिन चालू, थोडा रेस. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. मग हेडलाइट हायवर, ब्लोअर फुल्ल, मागच्या काचेचा डिफॉगर ऑन. दीड-दोन हजार आरपीएमला इतका लोड घेऊनही १३.५ च्या आसपास टिकलं पाहिजे. लोड टाकताच साडेबाराकडे घसरत असेल तर चार्जिंग पुरत नाही. आणि १५ च्या वर चढत असेल तर अल्टरनेटरमधला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडचे जुने मेस्त्री अजून कटआऊट म्हणतात, तो गेलाय. अशा गाडीत बॅटरीचं पाणी पटापट आटतं, बोनेट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब वरचेवर उडतात.

एक अपवाद. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरने किती चार्ज करायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. सरळ रस्त्यावर एका वेगात चालताना तो मुद्दाम १२.८ वर येतो, ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा १४.५ च्या वर जातो. बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवर छोटा चौकोनी सेन्सर आणि त्याला बारीक वायर दिसली तर तुमची गाडी बहुधा याच जातीची आहे. तिथे एका मापावरून निकाल लावू नका. लोड टाका, रेस बदला, दोन-चार मिनिटं बघत राहा. जंपर लावतानाही काळी केबल त्या सेन्सरच्या क्लॅम्पवर न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली तर “डायनामो गेलाय” म्हणायचं, ही जुन्या काळातली परीक्षा अजून काही ठिकाणी चालते. ॲम्बेसेडर आणि जुन्या जीपच्या जमान्यात ती खपून गेली, तेव्हा गाडीत कॉम्प्युटर नव्हता. आज चालू अल्टरनेटरपासून बॅटरी तोडली की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि त्यात ईसीयू किंवा अल्टरनेटरचे डायोड (एसीची डीसी करणारे, करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) जळू शकतात. कुणी टर्मिनलला पाना लावू लागला तर सरळ म्हणा, “अण्णा, आधी इंजिन बंद करा.”

पट्टा आणि लाल दिवा

पट्टा बघायला काही शिकावं लागत नाही. सकाळी सुरू करताना चीं-चीं आवाज, पावसात पाणी उडालं की पुन्हा तोच, लोड टाकला की जास्त: पट्टा घसरतोय. कडेला फाटलाय का, आतल्या बाजूला तडे आहेत का, चकाकी आलीय का, बघा. नवा पट्टा घालूनही आवाज गेला नाही तर पट्टा ताणून धरणारा टेन्शनर बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी असते. ती आतून झिजली की पट्टा व्यवस्थित फिरतो आणि अल्टरनेटर मात्र मागे राहतो. इंजिन बंद करताना तिथून खडखड आली तर तिच्यावर संशय धरा.

डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्याकडे लोक उलटं बघतात. दिवा लागला तर घाबरतात; लागलाच नाही तर खूश. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लागलाच पाहिजे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत याच दिव्यातून थोडासा करंट अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या रोटरला जातो आणि त्याला जागं करतो. दिवा उडाला किंवा अल्टरनेटरच्या प्लगमधली बारीक वायर तुटली की अल्टरनेटर चांगला असूनही झोपून राहतो. अशा गाडीचा मालक हमखास सांगतो की थोडा जोरात रेस दिला की मग चार्जिंग धरतं. ते खरं असतं, कारण रोटरच्या लोखंडात उरलेलं थोडं चुंबकत्व वेग वाढल्यावर कामाला येतं. इथे खर्च एका बल्बचा किंवा वितभर वायरचा. फार तर रोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजलेले निघतात. कार्बन संपत आले की चार्जिंग येतं-जातं, खड्ड्यात गाडी आदळली की बदलतं, अल्टरनेटरच्या बॉडीवर पान्याने हलकेच टकटक केलं की परत येतं.

इंजिन चालू असताना दिवा पूर्ण न विझता मंद तेवत राहिला तर डायोडवर शंका घ्या. मीटर एसीवर करून चालू इंजिनच्या बॅटरीवर लावला तर अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. दिसलं तर डायोड गेलाय. पण आधी स्वस्त मीटरची खोड तपासा. इंजिन बंद असताना एसीवर मोजून बघा. काही मीटर तिथे पंचवीस-सव्वीस असा भलताच आकडा दाखवतात आणि टोकं उलटी धरली की शून्य. असा मीटर या कामाचा नाही, डीसीपुरताच वापरा.

वीज तयार होते, पण पोचत नाही

सगळ्यांत जास्त फसवणारा प्रकार हा, आणि आपल्याकडे पावसाच्या भागात तो जास्त दिसतो. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्यात रस्त्याकडेचा तांबडा चिखल चार महिने गाडीच्या पोटाला चिकटून असतो.

खानापूरकडची एक डिझेल गाडी आली होती. वर्षाच्या आत दुसरी बॅटरी, अल्टरनेटर बाहेर खोलून रेग्युलेटर बदललेला. मालक वैतागून म्हणाले, “दोन बॅटऱ्या झाल्या की हो, आता गाडीच विकतो बघा.” हेडलाइट आणि ब्लोअर लावून अल्टरनेटरच्या जाड बोल्टावर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर धरला: १४.२. बॅटरीच्या खांबांवर: १३.१. अल्टरनेटर पूर्ण इमानाने काम करत होता आणि मधल्या वाटेवर १.१ व्होल्ट गायब. राकसकोपचं धरण भरून वाहतंय आणि घरच्या नळाला पाणी नाही, तसला मामला.

हे १.१ कुठे गेले ते शोधायला मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बी-प्लस, म्हणजे त्याच जाड बोल्टावर आणि दुसरं बॅटरीच्या प्लस खांबावर. इंजिन चालू, लोड चालू. इथे जो आकडा येतो तो त्या वाटेवर हरवलेला व्होल्टेज. आला ०.१५, म्हणजे प्लसची बाजू ठीक. मग एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खांबावर: ०.९५. दोन्ही बाजूंना ०.२ पर्यंत चालतं, त्याच्या वर नको. म्हणजे दोष अर्थिंगमध्ये. पुढे टोक सरकवत गेलो: खांबापासून बॉडीपर्यंत जवळजवळ काही नाही, बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जवळजवळ सगळंच.

बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्यावर खाली गिअरबॉक्सला जोडणारी तांब्याच्या जाळीची अर्थ पट्टी सापडली. वरून धड, पण बोल्टाखालच्या डोळ्यात हिरवट पूड आणि गंज. ट्रेमधून ठिबकलेलं ॲसिड आणि चिखल दोन्ही नेमके तिथे साठतात, आणि वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. पट्टी नवी घातली, बॉडीचा रंग आणि गिअरबॉक्सवरचा गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढला, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा लोड टाकून माप: बॅटरीवर १३.९. बॅटरी तीच, अल्टरनेटर तोच.

रेग्युलेटर बदलून इथे फरक का पडला नाही? कारण असा रेग्युलेटर आपल्या अंगावरचं व्होल्टेज बघतो. त्याला तिथे १४.२ दिसत होते, त्याच्या दृष्टीने सगळं झकास. लाल दिवाही त्यामुळे लागत नाही. एक खूण मात्र या दोषाची हमखास असते: सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा गिअरची केबल हाताला कोमट लागते. सेल्फचा मोठा करंट परत जायला अर्थ पट्टी मिळाली नाही की तो मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो.

बॅटरीच्या क्लॅम्पचीही तीच गत. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पांढरी-हिरवी बुरशी साठते, म्हणून माप खांबावर घ्यायचं आणि मग क्लॅम्पवर घेऊन फरक बघायचा. सफाईसाठी गरम पाण्यात खायचा सोडा पुरतो. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

रात्री कोण खातंय?

चालू गाडीत १४ व्होल्ट येतात, वाटेवर काही हरवत नाही, आणि तरी तिसऱ्या दिवशी टक्. मग गाडी उभी असताना कोणीतरी बॅटरी पितंय.

थोडं खाणं हे गाडीचं असतंच: घड्याळ, अलार्म, ईसीयूची स्मरणशक्ती. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर चिंता नको. तीनशे मिलिॲम्पिअर जात असतील तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास, तीन दिवसांत २१ च्या वर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते. तिसऱ्या दिवशीच गाडी का रुसते याचा हिशेब इथे लागतो.

मोजायचं असं: इंजिन बंद, मायनस टर्मिनल काढा आणि मीटर १० अँपिअरवर करून टर्मिनल व खांब यांच्यामध्ये जोडा. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घालायला विसरू नका. दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने आतून बंद करून ठेवा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. मग अर्धा-पाऊण तास थांबा. नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात आणि घाईत घेतलेलं माप उगाच मोठं येतं. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारलात तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.

आकडा मोठा असेल तर फ्यूज एक-एक उपटण्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर करून, टर्मिनल पुन्हा जोडून, प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोकं टेकवा. जिथून करंट वाहतोय तिथे थोडे का होईना मिलिव्होल्ट दिसतात. बाकी सगळीकडे शून्य. फ्यूज उपटला की झोपलेले कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात, ही कटकट यात नाही.

चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या मालातच सापडतो. थेट बॅटरीवरून जोडलेला ॲम्प्लिफायर, किल्ली बंद केली तरी चालू राहणारा म्युझिक सिस्टीम, टॅक्सीतला जीपीएस ट्रॅकर, बाहेरून घातलेला हॉर्नचा रिले. डिकीतला दिवा हा जुना गुन्हेगार: मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा, डिकी बंद करा, नंतर बघा, दिवा विझतो की नाही. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, तेही बघा. कुठल्याच फ्यूजवर काही दिसलं नाही तर अल्टरनेटरची जाड वायर तपासा. बॅटरीचं मायनस काढून ती वायर सोडवा, तिचं टोक टेप गुंडाळून सुरक्षित ठेवा, आणि पुन्हा मोजा. खाणं थांबलं तर आतला डायोड उलट्या दिशेने करंट सोडतोय.

दोष नसलेल्या गाडीचीही बॅटरी उतरते, हेही सांगायला हवं. टिळकवाडीत, शहापुरात कितीतरी घरांसमोर कव्हर घातलेली गाडी उभी असते, मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला आणि गाडी महिन्यातून एकदा देवळाला. फक्त ३० मिलिॲम्पिअरचं खाणं धरलं तरी महिन्यात २१ अँपिअर-तास जातात. वडील रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन सुरू करून ठेवतात; त्याने सेल्फने घेतलेलं जेमतेम भरून निघतं, वर पेट्रोल जातं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा हायवेने काकतीपलीकडे अर्धा-पाऊण तास गाडी पळवून आणा. नाहीतर मायनस टर्मिनलच काढून ठेवा.

पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, आणि खुणेपर्यंतच. बोअरचं नको, घरच्या आरओचंही नको, त्यात क्षार उरतात.

घाटात दिवा लागला तर

चोर्ला घाटातून गोव्याला जाताना, रात्री, पावसात लाल दिवा लागला तर पहिलं काम: सुरक्षित जागी थांबून पट्टा आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. तुटला असेल तर पुढे एक किलोमीटरही जाऊ नका, इंजिन तापून हेड जाईल, आणि तो खर्च अल्टरनेटरच्या कितीतरी पट असतो. पट्टा शाबूत असेल तर एसी, ब्लोअर, डिफॉगर, गाणी, मोबाइलचा चार्जर सगळं बंद करा. हेडलाइटला साधारण ९ अँपिअर, इंजिनला आणि पेट्रोलच्या पंपाला मिळून तेवढेच. वायपर धरून वीस-बावीस. बॅटरी चांगली भरलेली असली तर तासभर तग धरते, अर्धी असली तर त्याच्या निम्मंही धरू नका. इंजिन मध्ये बंद करू नका, परत सुरू होणार नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची गाडी असेल तर व्होल्टेज उतरल्यावर स्टीअरिंग अचानक जड होतं, वळणावर त्याची तयारी ठेवा. घाटात फोनला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे अलीकडचं कणकुंबी किंवा गोव्यातलं साखळी गाव, जे जवळ असेल तिकडे वळा.

दुसऱ्या दिवशी अल्टरनेटर दुरुस्त होऊन आला की बऱ्याच ठिकाणी उतरलेल्या बॅटरीवरच तो जोडतात आणि “चालवा, भरेल” म्हणतात. रिकामी बॅटरी भरताना अल्टरनेटर पूर्ण ताकदीने तापत राहतो, आणि नुकतं दुरुस्त केलेलं काम त्यातच जातं. बॅटरी आधी रात्रभर चार्जरवर लावा. आणि पैसे देण्याआधी इलेक्ट्रिशियनसमोरच हेडलाइट, ब्लोअर लावून बॅटरीच्या खांबांवर मीटर धरा. आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तक्रार घेऊन गेलात तर तोच कामाला येईल.